खडूची फुली

आज सकाळी लेडीज डब्यात उभी होते. समोरची बाई मोबाइलवर रेल्वे युनियनच्या कुठल्याशा निदर्शनांचा व्हिडिओ बघत शेजारणीला म्हणाली, "काम ठेकेदाराला दिलं की यांची लगेच बोंब! स्वतः हात हलवायचा नाही, दसऱ्याला 78 दिवसांचा बोनस मात्र पाहिजे." ठाणं गेलं, घाटकोपर गेलं, मी गप्प. दादरला उतरले तरी तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता इथे लिहितेय.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. लोकलचे डबे ठरावीक मुदतीने तिथे येतात, पार उघडून पुन्हा जोडले जातात. बाबा बोगीवर. (आपण डब्याला बोगी म्हणतो, कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा.) एका रात्रपाळीत त्यांनी ब्रेकच्या हँगरवर (ब्रेक टांगून धरणाऱ्या लोखंडी भागावर) हातोडी मारली. धड असेल तर ठण्ण वाजतं. हे भद्द वाजलं. पुसून बॅटरी मारली तर केसाएवढी चीर. डबा सकाळी काढायचा होता. पाळीवरचा साहेब, चार्जमन, म्हणाला, "मिस्त्री, रंग मारा आणि सोडा." बाबांनी खिशातला खडू काढला, त्या हँगरवर ही मोठी फुली मारली, म्हणजे हा नापास, आणि चहाला निघून गेले.

मेमो मिळालाच. दुसऱ्या दिवशी युनियनचा माणूस सोबत गेला, तासभर आरडाओरडा झाला, मेमो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये विरून गेला.

बाबा काही मोठे शूर नव्हते हो. कॉलनीतल्या वॉचमनलाही दबून असायचे. फुली मारता आली कारण नोकरी पक्की होती. चौकशी केल्याशिवाय घरी बसवता येत नव्हतं. एवढंच!

ते "एवढंच" फुकट मिळालेलं नाही. 8 मे 1974 ला रेल्वे कामगारांचा देशभर संप सुरू झाला, वीस दिवस चालला. 17 लाखांच्या आसपास माणसं. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात, हजारो कामगार तुरुंगात, कितीकांच्या बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. बाबा तेव्हा नुकतेच हेल्पर लागले होते. आई अजून त्या वीस दिवसांतला चुलीवरचा भात सांगते.

बरं, कायदा काय सांगत होता? 1970 साली आलेल्या कंत्राटी कामगार कायद्यात बारमाही कामावरची ठेकेदारी सरकारला बंद करता येत होती. मग 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ठेका बंद झाला म्हणून ठेक्यावरचा माणूस आपोआप कायम होत नाही. म्हणजे भांडून भांडून ठेका बंद करायचा आणि घरी बसायचं ठेक्यावरच्या पोरानेच. डब्याची सफाई काय वर्षातून एकदा होते? रूळ काय फक्त पावसाळ्यात असतात?

हो, कामचोर होते. बाबांच्या शॉपमध्ये (कारखान्यातल्या विभागात) एकजण हजेरी लावून थेट कॅरमला बसायचा, आणि त्याला वाचवणारी युनियनच होती. मान्य. पुढे बोलू?

आमच्या शेजारचा मुलगा एका ठेकेदाराकडे डबे धुतो. कागदावर किमान वेतन पूर्ण आहे. एटीएम कार्ड ठेकेदाराच्या खिशात. पैसे काढून, आपला वाटा ठेवून, उरलेले तो याच्या हातावर ठेवतो. मी विचारलं, तक्रार का करत नाहीस? हसला नुसता. म्हणाला, "ताई, उद्यापासून येऊ नको म्हणाला तर?" या मुलाच्या हातात खडू दिला तर तो फुली मारेल?

संध्याकाळी बाबांना फोन केला. विचारलं, ठेक्यावर असतात तर त्या रात्री काय केलं असतंत? जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रंग मारला असता."

सकाळच्या बाईवरचा राग तिथेच निम्मा उतरला. कारण मला दुसरंच काहीतरी आठवलं. बाबांच्याच शॉपमध्ये ठेक्यावरच्या पोरांना कॅन्टीनच्या बाकावर बसू द्यायचे नाहीत. "ही आपली माणसं नाहीत." हे साहेब नाही, आपलेच फिटर म्हणायचे. बाबाही त्यात असतील. मी विचारलं नाही.

मित्रयादीत युनियनवाले बरेच आहात. फलकावर "आउटसोर्सिंग बंद करा" लिहिता, लिहा. पण शेजारच्या त्या पोराची युनियनच्या सभासदत्वाची पावती कधी फाडताय? त्याचा नंबर आहे माझ्याकडे. इनबॉक्समध्ये या, देते.