ग्लॉकसला खुळ्यात काढण्याआधी

व्यवहारज्ञान शिकवणाऱ्या पोस्टींमध्ये अधूनमधून ट्रॉयच्या बाजूने लढणारा ग्लॉकस हजेरी लावतो. गोष्ट अशी सांगतात: रणांगणात ग्रीकांचा वीर डायोमिडीज समोर आला, ग्लॉकसची गाळण उडाली, डायोमिडीजने जुन्या ओळखीचं निमित्त काढून त्याला गोड बोलून गुंडाळलं, आणि या बावळटाने शंभर बैलांच्या मोलाचं सोन्याचं चिलखत देऊन नऊ बैलांचं काशाचं घेतलं. तात्पर्य, आपल्या मालाची किंमत ओळखा.

शंभर आणि नऊ हे आकडे खरे आहेत, ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या महाकाव्याच्या सहाव्या सर्गातलेच. देवांचा राजा झ्यूस याने ग्लॉकसची मती हिरावून घेतली, हा शेराही खुद्द होमरचा. बाकीची गोष्ट मात्र त्याच सर्गाशी ताडून पाहिली की टिकत नाही.

गाळण उडाल्याचं आधी बघू. डायोमिडीज त्या दिवशी असा पेटला होता की अफ्रोडाइटी आणि एरीस या देवांनाही त्याने जखमी केलं होतं. अशा माणसासमोर ग्लॉकस दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो. माझा भाला झेलायला तू सगळ्यांच्या पुढे आलास, हे डायोमिडीजच म्हणतो आणि विचारतो, तू माणूस की देव? त्यावर ग्लॉकस माणसांच्या पिढ्या झाडाच्या पानांसारख्या असतात, इथून सुरुवात करून साठेक ओळी आपल्या घराण्याची कहाणी सांगतो. भ्यायलेल्या माणसाला इतकं निवांत सुचत नाही.

आता गुंडाळण्याचं. इलियडमध्ये मारलेल्याचं चिलखत मारणारा काढून घेतो, हा रिवाजच आहे. डायोमिडीजला सोनंच हवं होतं तर भाला पुरेसा होता, नऊ बैलांचं चिलखत तरी कशाला घालवायचं? तो करतो ते उलटं. ग्लॉकसचे आजोबा बेलेरोफॉन हे ऐकल्यावर तो भाला जमिनीत रोवतो. डायोमिडीजच्या आजोबांनी, ओइनिअसने, बेलेरोफॉनला वीस दिवस घरी ठेवून घेतलं होतं. म्हणजे हे दोघे पिढीजात पाहुणे-यजमान, आणि अतिथीधर्म मोडणं ग्रीकांच्या लेखी थेट झ्यूसविरुद्धचा अपराध. यापुढे एकमेकांचा भाला टाळायचा असं ठरतं, दोघं रथातून उतरून हातात हात देतात आणि चिलखतं बदलतात, ती इतरांना हे नातं दिसावं म्हणून.

पोस्टवाले एक तपशील हटकून गाळतात. निरोपाच्या वेळी ओइनिअसने जांभळा झळझळीत कमरपट्टा दिला होता आणि बेलेरोफॉनने दोन कानांचा सोन्याचा पेला. तो पेला अजून माझ्या घरी आहे, असं डायोमिडीज सांगतो. म्हणजे आजोबांच्या वेळीही सोनं ग्लॉकसच्याच घरातून गेलं होतं. तिथे होमर कुणाच्या अकलेबद्दल चकार शब्द काढत नाही.

शंभर बैल म्हणजे किती, याचाही अंदाज घ्यायला हवा. ट्रॉयचा राजा प्रायम याचा मुलगा लायकेऑन याला ग्रीकांचा महावीर अकिलीसने पकडून लेम्नोस बेटावर विकलं, तेव्हा त्याचे शंभर बैलच आले होते. सोडवायला त्याच्या तिप्पट मोजावे लागले, आणि घरी आल्यावर बाराव्याच दिवशी तो पुन्हा अकिलीसच्या हाती सापडून मेला. त्या हिशेबाने ग्लॉकसचा सौदा मला तरी महाग वाटत नाही. अर्थात तो सौदा नव्हताच. अरिस्टॉटलनेही न्यायाची चर्चा करताना हेच उदाहरण घेतलंय: जो आपलं स्वतःचं आपखुशीने देतो त्याच्यावर अन्याय होत नाही.

राहता राहिला मतीचा शेरा. त्यात टोमणा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिसही अल्सिबायडीजला ‘सोन्याच्या बदल्यात कासं’ असं चिडवतो, म्हणजे चेष्टा जुनीच आहे. पण झ्यूसने मती हिरावून घेतली ही सबब इलियडमध्ये ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉनही पुढे करतो, तेही अख्खं सैन्य संकटात लोटल्यावर. त्याला कुणी कायमचा बावळट ठरवत नाही.

आणि ग्लॉकस पुढे काय करतो? ग्रीकांच्या तटावर चढताना ग्रीक तिरंदाज ट्यूसरचा बाण त्याच्या दंडात घुसतो. शत्रूला फुशारकी मारायची संधी मिळू नये म्हणून तो गुपचूप खाली उडी मारतो. त्याचा आतेभाऊ सार्पेडन अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या हातून पडतो तेव्हा तो जखमी दंड दाबून धरत अपोलोची करुणा भाकतो, रक्त थांबताच सगळ्यांना गोळा करतो आणि पाठलागावर आलेल्या बॅथिक्लीजला गर्रकन वळून छातीत भाला मारतो. मग थेट ट्रॉयचा सेनानी हेक्टर याला सुनावतो: सार्पेडनला टाकून आलास, ग्रीकांच्या एजॅक्ससमोर उभं राहायची तुझी छाती झाली नाही. यावर हेक्टर चिडून म्हणतो, तुझ्या लिसिया देशात सगळ्यांत शहाणा तूच असं मी समजत होतो! हे चिलखतांच्या अदलाबदलीनंतरचं बोलणं आहे.

त्याच तिरमिरीत हेक्टर जाऊन अंगावरचं चिलखत उतरवतो आणि पॅट्रोक्लसच्या अंगावरून काढलेलं अकिलीसचं घालतो. ते पाहून झ्यूस मान हलवतो. पुढे अकिलीस हेक्टरला मारतो तो त्याच चिलखताने उघड्या ठेवलेल्या गळ्यापाशी. चिलखत बदलून फसलेला माणूस कुणाला उदाहरणासाठी हवाच असेल, तर तो हा घ्यावा.