‘बादल्या उचलणाऱ्यां’च्या वतीने : एका प्रतिक्रियेला उत्तर

श्री. ‘इतिहासप्रेमी’ यांस,

उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइलच्या क्रिकेट मैदानात सापडलेल्या रोमन स्नानगृहावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांच्या सोयीसाठी ती थोडक्यात सांगतो. तेथे सापडलेली दोन भव्य मस्तके मी संगमरवरी म्हटली, ती वालुकाश्माची आहेत, रोमन हे ब्रिटनमध्ये आक्रमक म्हणून आले, तेव्हा त्यांच्या अवशेषांचा उत्सव कसला करायचा, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मूर्तीवर मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही, आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, “दोन उन्हाळे बादल्या उचलून कोणी पुरातत्त्वज्ञ होत नाही, हौशी माणसांच्या हाती खुरपी देणे म्हणजे वारशाची सहल काढणे होय.”

मस्तकांबाबत आपण बरोबर आहात. ती वालुकाश्माचीच आहेत. चूक माझी होती, ती लेखात दुरुस्त केली आहे आणि त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. मात्र एका दगडाचे नाव चुकले म्हणून “असे लेखक वाचकांची दिशाभूल करतात” असे अनेकवचन वापरण्याची गरज होती का, याचा आपण शांतपणे विचार करावा.

आता बादल्यांविषयी. ‘उचलून’ या शब्दामागचा तुच्छतेचा सूर माझ्या लक्षात आला नाही, असे आपण समजू नये. होय, कार्लाइलच्या उत्खननात मी बादल्या उचलल्या. पहिल्या उन्हाळ्यात तर मी जवळजवळ तेवढेच केले, कारण आल्या दिवशी कोणालाही जमिनीतल्या मातीच्या थराला हात लावू देत नाहीत, त्या थरावरूनच वस्तूचा काळ ठरतो. चिखल चाळणीवर धुवायचा, खापराचा तुकडा, हाडाचा तुकडा आणि नुसता खडा यांतला फरक डोळ्यांना शिकवायचा, प्रत्येक वस्तू कोणत्या थरातून आली त्याचा क्रमांक पिशवीवर लिहायचा, आणि शंका आली की खुरपी खाली ठेवून पर्यवेक्षकाला हाक मारायची. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण गेली, कारण जमिनीतून काहीतरी डोकावू लागले की बोटे आपोआप पुढे जातात. आपण ज्याला सहल म्हणता तिच्यात पावसात गुडघ्यावर बसून एका दिवसात हातभर जागा सरकायची असते. डबा मात्र आम्ही बरोबर नेत होतो, एवढे साम्य मान्य करतो.

शिवाय या जागेचा इतिहासच पाहा. 2015 च्या डिसेंबरात ईडन नदीला पूर आला आणि काठावरच्या क्रिकेट क्लबचे पॅव्हेलियन निकामी झाले. नवे बांधण्यापूर्वी नियमाप्रमाणे जमीन तपासली, तेव्हा 2017 मध्ये हे स्नानगृह हाती लागले. ते शोधले व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांनीच, आणि पुढेही उत्खननाची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. आपल्या प्रतिक्रियेत हे वाक्य कोठेच येत नाही. जणू फलंदाजी न मिळालेल्या खेळाडूंनी कंटाळून मैदान खणायला घेतले. 2021 पासून गावकऱ्यांना त्या कामात सामील करून घेतले गेले. स्नानगृहाच्या नाल्यांच्या गाळातून अंगठ्यांत बसवलेले कोरीव खडे मिळाले, त्यांतले काही जेमतेम 5 मिलिमीटरचे. उष्णतेने आणि वाफेने त्यांचा डिंक सुटला, खडे पाण्याबरोबर वाहून गेले आणि सुमारे अठराशे वर्षे तेथेच पडून राहिले. समुद्री गोगलगायींपासून काढलेल्या, एकेकाळी सोन्याहून महाग असलेल्या जांभळ्या रंगाचा गोळाही 2023 मध्ये याच जागी मिळाला. गाळाची प्रत्येक बादली तपासायला माणसे लागतात, श्रीमान, आणि ती पुष्कळ लागतात.

आपण मला अधिकार विचारलात, म्हणून एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजोळच्या गावाबाहेर पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, टेकाड होते. तिची माती धाब्याला चांगली, म्हणून माझ्या लहानपणी बैलगाड्या भरभरून ती नेली जाई, आणि तिच्यातून निघालेली खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि मणी आम्ही पोरे खिशात भरून आणत असू. आजोबांनी एकदा तालुक्याच्या एका कचेरीत जाऊन हे सांगितले होते. “हे तज्ज्ञांचे काम आहे, तुम्ही लक्ष घालू नका,” असे उत्तर घेऊन ते परत आले. तज्ज्ञ कधी आले नाहीत आणि टेकाडही आता उरलेले नाही. माझ्याकडे त्यातला एक मणी आहे, आणि तो कोणत्या थरातला हे आता जगातला कोणताही पुरातत्त्वज्ञ सांगू शकणार नाही. गावातल्या दहा माणसांना थर म्हणजे काय ते कोणी शिकवले असते, तर त्यांनी ती पहिली गाडी अडवली असती. आपल्या वाक्यातला ‘हौशी’ हा शब्द मला का झोंबला, ते एवढ्यावरून आपल्याला कळावे. न कळल्यास माझा नाइलाज आहे.

आक्रमकांचा मुद्दा मी लांबवत नाही. उत्तर इंग्लंडमधल्याच साउथ शील्ड्सच्या रोमन किल्ल्यापाशी मिळालेल्या एका स्मृतिशिळेवर, सिरियातल्या पाल्मायराहून आलेल्या बाराटेसने रेजिना या आपल्या ब्रिटिश पत्नीसाठी लॅटिन मजकुराखाली स्वतःच्या भाषेत शोकाची एक ओळ कोरून घेतली आहे. अशा माणसाला एका शब्दात बसवणे आपल्याला जमत असेल, मला जमत नाही. (रेजिना आधी त्याचीच गुलाम होती, हे आपण निदर्शनास आणण्यापूर्वी मीच सांगतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आणि आमच्या इथला उत्सव म्हणजे काय, तर मैदानाच्या कडेला उभे राहून मुलांना रोमनांच्या खालून तापवायच्या फरशीची रचना दाखवणे. त्याने कोणाचे साम्राज्य परत येत असल्याचे मला तरी दिसले नाही.

राहिला पोसायडन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत 1940 च्या दशकात मिळालेली ती कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात मी सातवीत असताना पाहिली आहे, आणि तिच्यावर काय लिहायचे व केव्हा, हे मीच ठरवीन. आपल्याला घाई असेल तर आपण स्वतः लिहावे. लेख पाठवलात तर मी तो एक शब्दही न बदलता येथे प्रसिद्ध करीन, फक्त तो आपल्या खऱ्या नावाने यावा.