अलेक्सेई कोझलोव्हची वाया गेलेली वर्षे

आज संध्याकाळी पुण्यात एका पुस्तकाच्या प्रकाशनाला गेले होते. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या ओघात सांगितले, की कलेला दडपशाही मानवते; सत्तेने गळा आवळला की कला अधिक तेजाने बोलू लागते, आणि आजच्या सुखवस्तू काळात थोर असे काही घडत नाही ते त्यामुळेच. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी ते वाक्य मोबाईलमध्ये टिपूनही घेतले. उदाहरणादाखल पाहुण्यांनी सोव्हिएत रशियाचे नाव घेतले, म्हणून मी रात्री अकरा वाजता हे लिहायला बसले आहे. दुसऱ्या एखाद्या देशाचे घेतले असते तर मुकाट्याने घरी येऊन जेवले असते.

हे लिखाण ज्यांना पाठवते, त्या माझ्या यादीतल्या मंडळींना दडपशाही वाईट असते हे पटवून देण्याची गरज नाही, हे मी गृहीत धरते. पण दडपशाही वाईट असली तरी कलेला पोषक असते, ही समजूत आपल्यातल्या भल्या भल्या माणसांच्या मनात घर करून असते आणि तिचीच मला चीड आहे. या समजुतीला माझ्यापाशी एक उत्तर आहे: अलेक्सेई कोझलोव्ह. मॉस्कोचा सॅक्सोफोनवादक, ‘आर्सेनाल’ या वाद्यवृंदाचा संस्थापक. जन्म १९३५ चा. स्वतः उभ्या केलेल्या या वाद्यवृंदाची पहिली स्वतंत्र तबकडी ‘मेलोदिया’ या सरकारी कंपनीने काढली १९७९ साली. त्या देशात तबकड्या काढणारी दुसरी कंपनीच नव्हती. म्हणजे हा माणूस तेव्हा चाळिशी ओलांडून पुढे गेला होता. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९६७ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारला, तोवर त्याच्या नावावर डझनावारी तबकड्या झाल्या होत्या. मी प्रतिभेची तुलना करत नाही, फक्त वर्षे मोजते आहे, कारण कलेच्या तेजाविषयी बोलणारी माणसे वर्षे कधी मोजत नाहीत.

आता कोझलोव्ह कुठल्या हवेत वाढला ते पाहा. तो शाळकरी मुलगा होता तेव्हा, १९४९ च्या सुमारास, मॉस्कोतल्या वादकांना आपले सॅक्सोफोन घेऊन सरकारी कचेरीत हजर राहायला सांगण्यात आले, वाद्ये काढून घेतली गेली आणि त्यांच्या ओळखपत्रांवर दुसऱ्याच वाद्याचे नाव लिहिले गेले, असे तिथल्या जॅझच्या इतिहासात नोंदवलेले आहे. ‘आज हा जॅझ वाजवतो, उद्या मायदेश विकेल’ अशी यमक जुळवलेली म्हण त्या काळी लोकांच्या तोंडी होती. एडी रोझनर हा त्या देशातला गाजलेला ट्रम्पेटवादक आणि वाद्यवृंदप्रमुख. त्याला १९४६ मध्ये अटक झाली आणि पुढची सुमारे आठ वर्षे त्याने रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोलिमाच्या बाजूच्या कैदी-छावण्यांत काढली. तिथेही त्याने कैद्यांचा वाद्यवृंद चालवला. आजच्या पाहुण्यांना ही गोष्ट ठाऊक असती तर त्यांनी ती नक्की वापरली असती आणि टाळ्या दुप्पट पडल्या असत्या. छावणीतला वाद्यवृंद! किती रोमहर्षक! रोझनर त्या आठ वर्षांत मॉस्कोच्या रंगमंचावर काय करू शकला असता, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही.

स्टालिन गेल्यावर पकड सैल झाली हे खरे आहे. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी रेडिओवर १९५५ पासून विलिस कोनोव्हर रात्री जॅझ ऐकवू लागला आणि लघुलहरींच्या खरखरीतून तिकडची एक पिढी ते शिकत गेली. इस्पितळातून टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्मवर चोरून गाणी कोरली जात. तबकडी दिव्यासमोर धरली की कुणाच्या तरी बरगड्या दिसत. १९५७ च्या जागतिक युवक महोत्सवात बाहेरच्या देशांतले वादक मॉस्कोत आले, तेव्हा कोझलोव्ह एकवीस वर्षांचा होता आणि परदेशी कपडे, परदेशी नाच यांच्या वेडामुळे ज्यांची वर्तमानपत्रांतून टिंगल होत असे अशा तरुणांपैकी एक होता. शिक्षण वास्तुकलेचे. पुढे नोकरी औद्योगिक रचनेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत. दिवसा कचेरी आणि रात्री सॅक्सोफोन.

चोरून ऐकण्यात एक वेगळी धार असते, एवढे मी मान्य करते. ती मी स्वतः पाहिलेली आहे, म्हणून नाकारता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मॉस्कोत अभियांत्रिकी शिकत होते. आमच्याच मजल्यावर साशा नावाचा एक मुलगा राहायचा. नाव बदलले आहे. त्याच्याकडे आल्टो सॅक्सोफोन होता आणि तो कपड्यांच्या कपाटात शिरून रियाज करायचा. हिवाळी ओव्हरकोटांच्या दाटीत आवाज बराच मुरतो, त्यामुळे वसतिगृहाच्या देखरेख करणाऱ्या आजीबाईंची तक्रार येत नसे. तेव्हा जॅझवर बंदी वगैरे उरली नव्हती, हे लक्षात घ्या. बंदी नव्हतीच, परवानगी नव्हती. या दोन गोष्टींतल्या फटीत माणसाचे आयुष्य कसे निघून जाते, ते मी त्या मुलाकडे बघून शिकले.

परवानगीचे यंत्र कसे चालायचे ते सांगते. आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तशी तिथे प्रत्येक मैफलीची यादी जात असे: कुठली रचना, कुणाची, कितव्या क्रमाने. शिक्का बसला तर वाजवायचे. वादकाला स्वतःची श्रेणी परीक्षा देऊन ठरवून घ्यावी लागे आणि मैफलीचे मानधन त्या श्रेणीवर ठरे. कुठल्या तरी सरकारी संगीतसंस्थेच्या आस्थापनेवर नाव नसेल, तर तुम्ही वादक नव्हेच, फावल्या वेळचे हौशी कलाकार. साशाला नववर्षाच्या संध्याकाळी चार मित्रांसह तीन-चार रचना वाजवायच्या होत्या, तेवढ्यासाठी त्याने यादी दिली. ती लाल पेन्सिलीने खुणा होऊन परत आली. अमेरिकन नावे काढून त्याने सोव्हिएत संगीतकारांची नावे घातली, तीही परत आली. त्याला कुणी ‘नाही’ म्हटले नाही, एवढे मात्र खरे.

कोझलोव्हने हेच तीस वर्षे केले. १९६१ मध्ये गॉर्की मार्गावर तरुणांसाठी एक कॅफे उघडला, कोम्सोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेच्या नजरेखाली. तिथे तो वाजवू लागला. १९६२ मध्ये पियानोवादक वादिम साकुन याच्या गटातून पोलंडमध्ये वॉर्सॉच्या जॅझ जम्बोरी या महोत्सवाला गेला. सोव्हिएत जॅझ वादकांनी परदेशी महोत्सवाचा उंबरठा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. कोझलोव्ह तिथे बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवत होता आणि आंद्रेई तोव्हमास्यानची जुन्या नोव्हगोरोदच्या नावाची रचना त्यांनी सादर केली. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या बेनी गुडमनचा जॅझ वाद्यवृंद सोव्हिएत दौऱ्यावर आला होता आणि देशाचे सर्वोच्च नेते ख्रुश्चोव्ह स्वतः मैफलीला जाऊन बसले होते. त्याच डिसेंबरमध्ये मॉस्कोतल्या मानेझ सभागृहाच्या चित्रप्रदर्शनात त्याच ख्रुश्चोव्हांनी, जॅझ ऐकले की पोटात वायू धरल्यासारखे होते, असे सांगून टाकले. एका वर्षात परवानगी, कौतुक आणि शिवी. अशा हवेत माणसाने पुढच्या दहा वर्षांचे बेत कसे करायचे?

नाहीच करता आले. साठीच्या दशकात मॉस्कोत जॅझचे महोत्सव भरू लागले होते. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये गेले आणि मॉस्कोतली ती उमेदही आटली. १९७१ मध्ये अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला मात्र सन्मानाने बोलावून पाच शहरांत फिरवले. बाहेरच्याला पायघड्या आणि घरच्याला यादी आण, शिक्का आण. हे लिहिताना मला आत्ताही संताप येतो आहे, आणि तो माझा नसून साशाचा आहे, कारण एलिंग्टनला लहानपणी दुरून पाहिल्याचे तो अगदी अभिमानाने सांगायचा. त्यात काही खटकण्यासारखे आहे हे त्याच्या मनातही येत नसे.

‘आर्सेनाल’ची स्थापना १९७३ ची. जॅझ आणि रॉक यांचा मेळ घालणारा सोव्हिएत देशातला पहिल्या काही वाद्यवृंदांपैकी एक, पितळी वाद्ये आणि विजेची गिटार एकत्र. नास्तिक म्हणवणाऱ्या राज्यात त्यांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरच्या पाश्चात्त्य रॉक ऑपेरातले भाग वाजवले. जाहिरात नाही, तिकीट नाही. कानोकानी बातमी फिरायची आणि सभागृह भरायचे. इथे पुन्हा कुणी म्हणेल, बघा, किती रोमांचक! असेलही. पण त्या काळात कोझलोव्हच्या डोक्यातले संगीत ध्वनिमुद्रिकेवर उतरले असते, तर आज आपण रोमांचाऐवजी संगीताबद्दल बोललो असतो. १९७६ मध्ये वाद्यवृंदाला अधिकृत आसरा मिळाला, तो मॉस्कोत नव्हे. तिथून सुमारे हजार किलोमीटरवरच्या कालिनिनग्रादच्या फिलहार्मोनियात, म्हणजे तिथल्या सरकारी संगीतसंस्थेत. मॉस्कोत जन्मलेला, मॉस्कोत शिकलेला, मॉस्कोत नाव झालेला वादक आपल्या शहरात कायदेशीर ठरण्यासाठी बाल्टिक किनाऱ्यावरच्या गावाचा नोकर झाला आणि गावोगावच्या दौऱ्यांना निघाला.

या दौऱ्यांत हजारो श्रोते मिळाले आणि दरमहा पगार मिळाला; बाजारावर जगणाऱ्या कित्येक अमेरिकन वादकांना तेवढेही मिळाले नाही, हे खरे आहे. बरे, पुढे.

मी ‘आर्सेनाल’ ऐकले ते मॉस्कोबाहेरच्या एका कारखान्याच्या संस्कृतिभवनात. साशानेच नेले होते. व्यासपीठावर मागे लाल पडदा, त्यावर लेनिन. पुढे दाढीवाला, किडकिडीत कोझलोव्ह आल्टो घेऊन उभा. सुरुवात इतकी नेटकी, इतकी आखीव, की या माणसाने वास्तुकलेचा अभ्यास केला आहे हे कुणी न सांगता कळावे; एकेक स्वरवाक्य ठेवून त्यावर पुढचे चढवायचे आणि मग ट्रम्पेट, ट्रॉम्बोन एकदम सगळे मिळून यायचे. बाहेर उणे वीस असेल, आत लोक ओव्हरकोट मांडीवर घेऊन बसले होते. साशा डोळे मिटून नव्हता बसला. तो वादकाच्या बोटांकडे टक लावून बघत होता आणि त्याची स्वतःची बोटे गुडघ्यावर चालत होती. ती संध्याकाळ आठवली की माझा राग थोडा उतरतो. वाजवणारा उत्कृष्ट होता, ऐकणारे त्याच्या तोडीचे होते, आणि लेनिनच्या चित्राने त्या संगीतात भरही घातली नाही आणि उणेही केले नाही.

पण ते संगीत दडपशाहीतून आले असे म्हणणे म्हणजे पिकाचे श्रेय दुष्काळाला देणे आहे. ते कोनोव्हरच्या कार्यक्रमातून आले, वॉर्सॉच्या त्या एका फेरीतून आले, मॉस्कव्होरेच्येच्या संस्कृतिभवनात चाललेल्या जॅझच्या शाळेतून आले, जिथे कोझलोव्हही शिकवत असे. म्हणजे जिथे जिथे भिंतीला फट पडली तिथून आले. आपल्याकडेही १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई बोलल्या म्हणून आणीबाणीचे श्रेय मोजले जाते. दुर्गाबाई आणीबाणीच्या आधी पंचवीस-तीस वर्षे दुर्गाबाईच होत्या.

साशाचे पुढे काय झाले, ते पाहुण्यांच्या सिद्धान्तात बसत नाही. त्याला अटक झाली नाही, तो बंडखोर झाला नाही, त्याच्यावर कुणी कविता लिहिली नाही. व्होल्गाकाठच्या एका गावी शीतगृहांच्या यंत्रांवर नेमणूक झाली, तिथून पत्रे यायची. एका पत्रात त्याने लिहिले होते, की गावच्या वादकांची यादी मंजूर करणारा अधिकारी सज्जन आहे, पण फार वेळ लावतो. पुढच्या पत्रांत सॅक्सोफोनचा उल्लेख नव्हता. मी विचारलेही नाही. दडपशाहीने किती कलावंत घडवले याचे हिशेब मांडणारे या माणसाला कुठल्या रकान्यात घालणार? एका कोझलोव्हमागे असे किती जण कपाटातून बाहेर आलेच नाहीत, हे कळायला मार्ग नाही, आणि नेमके त्यामुळेच हा सिद्धान्त टिकून राहतो.

कोझलोव्ह तगला. हट्टी, शिस्तीचा आणि विनोदी होता म्हणून तगला. १९९८ मध्ये लिहिलेल्या आठवणींत तो स्वतःवर सर्वांत जास्त हसतो, हे त्याला शोभते. १९८० मध्ये तिबिलीसीच्या त्या गाजलेल्या महोत्सवात ‘आर्सेनाल’ वाजले, पुढे काही तबकड्या निघाल्या, आणि २०१२ मध्ये, सत्त्याहत्तरीला आलेला असताना, मॉस्कोत त्याच्या नावाचा संगीतक्लब सुरू झाला. पुढच्या पिढीतल्या इगोर बुटमनची गोष्ट मात्र निराळी आहे. लेनिनग्राडचा, गेन्नादी गोल्शतेइनचा शिष्य. १९८७ मध्ये दार किलकिले होताच तो अमेरिकेला गेला, बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकला, न्यूयॉर्कमध्ये वाजवले, नव्वदीत मायदेशी परतून १९९९ मध्ये स्वतःचा बिग बँड उभा केला. परतल्यावर तो सत्तेच्या किती जवळ जाऊन बसला, याविषयी माझे मत चांगले नाही; पण वाजवतो उत्तम. आणि तो घडला कशात? मोकळ्या दारात. तो विमानात बसला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि कोझलोव्ह त्या वर्षी बावन्न वर्षांचा झाला.

आज रशियात वादकांच्या काळ्या याद्या पुन्हा फिरत आहेत आणि कितीतरी जण देश सोडून गेले आहेत. तिथेही कुणी तरी आज सांगत असेल, की यातून मोठे संगीत जन्माला येईल. यूट्यूबवर ‘आर्सेनाल’ची ती १९७९ ची तबकडी मिळते, ज्यांना वेळ असेल त्यांनी ऐका. आणि ऐकून झाल्यावर, १९६१ च्या त्या कॅफेत वाजवणाऱ्या पंचविशीतल्या कोझलोव्हचा स्वतःच्या नावाचा अख्खा रेकॉर्ड सापडतो का तेही शोधा. सापडला तर मला दुवा पाठवा.