‘लॉक, स्टॉक’ टॅरंटिनोची नक्कल? आधी पत्ते तरी बघा

सिनेमाच्या ग्रुपांवर एक पोस्ट वर्षातून दोनदा तरी फिरून येते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार तेच. ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ हा १९९८चा ब्रिटिश सिनेमा म्हणे अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोच्या ‘पल्प फिक्शन’ची लंडनी झेरॉक्स, आणि ‘लॉक, स्टॉक’चा दिग्दर्शक गाय रिची हा गरिबांचा टॅरंटिनो. पुरावे पाच: उलटीसुलटी कथा, गुंडांच्या लांबलचक गप्पा, जुनी गाणी, रक्तपातावर हशा, आणि वर हे की असले बावळट गुंड खऱ्या लंडनमध्ये नसतातच. इतके दिवस मी सोडून देत होतो. परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने ती टाकली आणि खाली ‘फॅक्ट आहे’ असं लिहिलं. आता बोलायला हवं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. पाव शतक उलटून गेलंय, त्यामुळे रहस्य फोडल्याचं पाप लागणार नाही. एडी, टॉम, बेकन आणि सोप हे चार मित्र. प्रत्येकी २५ हजार पौंड काढून लाखभर जमवतात आणि एडी ते घेऊन हॅचेट हॅरी नावाच्या दादाच्या टेबलावर पत्ते कुटायला बसतो. हॅरीने छुपा कॅमेरा लावलेला. एडी सगळं हरतो आणि वर पाच लाखांचं देणं डोक्यावर घेऊन उठतो. मुदत एक आठवडा. या पोरांच्या शेजारी डॉग नावाच्या दांडगटाची टोळी राहते आणि मधली भिंत पातळ आहे. टोळी गांजा पिकवणाऱ्या काही पोरांना लुटणार आहे, हे भिंतीपलीकडून ऐकू येतं. मग आपले चौघे ठरवतात की लुटून परत आलेल्यांना लुटायचं. चोरावर मोर. त्यासाठी ते दोन जुन्या शॉटगन घेतात. त्या मुळात हॅरीनेच एका दिवाळखोर लॉर्डाच्या घरून चोरायला लावलेल्या, आणि अडाणी चोरांनी भलत्यालाच विकलेल्या. लुटलेला गांजा चौघे ज्याच्या गळ्यात मारायला जातात तो रोरी ब्रेकर, आणि गांजा मुळात त्याचाच!

आता पहिला पुरावा, उलटीसुलटी कथा. ही पोस्ट लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलाय की नुसतं पोस्टर, अशी शंका मला इथेच येते. ‘पल्प फिक्शन’मध्ये मधेच मेलेला माणूस शेवटच्या प्रसंगात जिवंत बसून नाश्ता करतो, कारण काळच फिरवलाय. टॅरंटिनोच्या १९९२च्या पहिल्या सिनेमात, ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये, ज्या दरोड्याभोवती सगळा सिनेमा फिरतो तो दरोडा दाखवलेलाच नाही. टॅरंटिनो प्रेक्षकापासून काहीतरी राखून ठेवतो. ‘लॉक, स्टॉक’मध्ये, मागच्या आठवणींचे दोन-चार तुकडे सोडले तर, सोमवारनंतर मंगळवारच येतो. प्रेक्षकापासून जवळजवळ काही लपवलेलं नाही. बंदुका कुणाच्या, गांजा कुणाचा, भिंतीपलीकडे कोण, हे आपल्याला ठाऊक असतं आणि पडद्यावरच्या एकालाही धड ठाऊक नसतं. मजा त्यातच आहे.

याला मराठीत नाव आहे: फार्स. बबन प्रभूंचे फार्स पाहिलेल्या माणसाला हे यंत्र समजावून सांगावं लागणार नाही. दार उघडतं, नको तो माणूस नको त्या वेळी आत येतो, आणि प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला तो कोण ते माहीत असतं. इथे फक्त त्याच्या हातात बंदूक आहे. चौघांच्या खोलीतला प्रसंग घ्या. लुटले गेल्याचा सूड घ्यायला डॉगची टोळी तिथे दबा धरून बसलेली. आपलाच माल आपल्याला विकायला निघाले म्हणून पिसाळलेला रोरी माणसं घेऊन त्याच दारात येतो. दोघांचाही राग चौघांवर. चौघे कुठे आहेत? एडीच्या बापाच्या बारमध्ये, दारू ढोसत, आपण सुटलो म्हणून. घरी दोन टोळ्या एकमेकांचा फडशा पाडतात आणि ही पोरं झिंगत परत येतात ती प्रेतांच्या खोलीत. पैसे आणि बंदुका तोवर हॅरीचा वसुलीवाला बिग ख्रिस घेऊन गेलेला. इथे दगाफटकाही नाही, कारण दगा द्यायला आधी ओळख तरी लागते. या गोळीबारातल्या बहुतेकांना समोरचा कोण हेच माहीत नाही.

गप्पांचा मुद्दा. मान्य, दोन्ही दिग्दर्शकांची पात्रं भरपूर बोलतात. पण काय बोलतात? टॅरंटिनोचे मारेकरी कामावर निघालेले असताना पॅरिसमधल्या बर्गरला काय म्हणतात यावर बोलतात. रिचीची माणसं भाव करतात. सिनेमा उघडतो तोच बेकन फुटपाथवर चोरीचा माल ओरडून विकतोय आणि पोलीस दिसताच पळतोय. चोरीच्या मालाचा दलाल निक द ग्रीक आणि टॉम यांची घासाघीस ऐकताना मला आमच्या जुन्या बाजारातले मोबाईलवाले आठवतात. बेकन झालेला जेसन स्टॅथम सिनेमात येण्याआधी खरोखरच रस्त्यावर माल विकायचा, हा त्याचा पहिला सिनेमा. ती पट्टी पाठ करून येत नाही. शिवाय पूर्व लंडनची यमकी बोली आहे. ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणजे ‘स्टेअर्स’, जिना. ‘डॉग अँड बोन’ म्हणजे ‘फोन’. या सिनेमात बारमधला एक माणूस अख्खा किस्सा असल्या बोलीत सांगतो आणि खाली साध्या इंग्रजीत सबटायटल येतात. इंग्रजी सिनेमा, इंग्रज प्रेक्षक, आणि सबटायटल! ही गंमत कॅलिफोर्नियातून उचलता येत नाही.

नावही तसंच. ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ म्हणजे झाडून सगळं. मुळात बंदुकीची कळ, दस्ता आणि नळी. म्हणीच्या शेपटाला दोन धुरकटलेल्या नळ्या जोडल्या, आणि ज्या दोन बंदुकांमुळे पुढे एवढं रामायण घडतं त्या आधीच नावात येऊन बसल्या.

आता पत्ते. या लेखाचं शीर्षक त्यावरून दिलंय, आणि पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखच नाही. आपल्याकडचे बरेच जण ‘ते पोकर खेळतात’ असं बिनधास्त लिहितात. पोकर नाही, थ्री कार्ड ब्रॅग. हा जुना ब्रिटिश डाव, आणि आपल्या तीन पत्तीचा पूर्वज. तीन-तीन पानं, न बघता खेळणारा ब्लाइंड, ब्लाइंडला निम्मे पैसे, आणि समोरच्याची पानं बघायची तर आधी पैसे टाका. एक फरक लक्षात ठेवण्यासारखा: आपल्याकडे तीन एक्के सगळ्यांत भारी, ब्रॅगमध्ये तीन तिऱ्या. गणपतीच्या जागरणाला ज्याने रात्री दोनपर्यंत तीन पत्ती खेळली आहे त्याला एडीचा चेहरा कुठल्याही अमेरिकन समीक्षकापेक्षा लवकर कळतो. इथे आकडा वाढतच जातो, आणि पैसे संपलेल्याने पानं टाकून उठायचं किंवा कुणाकडून तरी उसने घ्यायचे. उसने द्यायला हॅरी तयारच बसलेला. कर्ज त्या खेळाच्या नियमातूनच जन्मतं, आणि पुढचा सगळा सिनेमा त्या कर्जातून.

हरल्यावर एडी डुलत बाहेर पडतो तेव्हा कॅमेरा जणू त्याच्या छातीला बांधलाय. चेहरा स्थिर, जग हेलकावतंय. इथे उसनवारी आहे हे मी स्वतःहून सांगतो. फक्त सावकार वेगळा. तशीच दारू चढलेल्या माणसाची चौकट मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९७३च्या ‘मीन स्ट्रीट्स’मध्ये आहे. तेव्हा टॅरंटिनो दहा वर्षांचा होता.

गाण्यांचा मुद्दा अर्धा सोडून देतो. जुन्या गाण्यांवर मारामारी लावायची फॅशन नव्वदच्या दशकात टॅरंटिनोने जोरात आणली आणि रिचीने तिचा फायदा घेतला. पुढे चला.

रक्तपातावर हशा. हा शोध म्हणे १९९२ साली अमेरिकेत लागला. १९५५चा ‘द लेडीकिलर्स’ काढा. लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ एका म्हातारीच्या घरी पाच दरोडेखोर भाड्याने खोली घेतात. सांगतात की आम्ही वादक आहोत, आणि ग्रामोफोनवर बोकेरिनीचा मिन्युएट लावून आत दरोड्याचा बेत आखतात. म्हातारीला सुगावा लागतो. तिला कोणी मारायचं यासाठी काड्या काढतात. ज्याची काडी लहान निघते त्याच्याच्याने ते होत नाही. तो पैसे घेऊन सटकायला बघतो. मग एकेक जण दुसऱ्याला संपवतो आणि प्रेतं घरामागच्या बोगद्याजवळून जाणाऱ्या मालगाड्यांत टाकली जातात. शेवटी पाचही खलास. ६० हजार पौंड घरात पडलेले. म्हातारी इमानदारीत पोलीस चौकीत सांगायला जाते. तिच्या कहाण्यांना सरावलेले पोलीस म्हणतात, असू द्या बाई, ठेवून घ्या.

खोट्या ओळखीने जमलेली टोळी, एक दरोडा, आणि मग आपसात सगळे मेलेले. १९५५. कुणी कुणाची नक्कल केली हे याच हिशेबाने मोजायचं ठरलं तर ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ची पंचाईत होईल. मी तसं मोजत नाही, पण पोस्टवाल्याने तरी मोजपट्टी एकच वापरावी.

त्याच स्टुडिओचा १९५१चा ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ अजून सौम्य: बँकेचा एक पापभीरू नोकर सोनं चोरतो आणि आयफेल टॉवरच्या खेळण्यांत ओतून फ्रान्सला पाठवतो. त्याचा दिग्दर्शक चार्ल्स क्रिक्टन. वयाच्या सत्तरीच्या शेवटी याच गृहस्थाने जॉन क्लीजबरोबर १९८८चा ‘अ फिश कॉल्ड वांडा’ केला. दगाबाजी बघायची असेल तर ती तिथे बघा. हिऱ्यांचा दरोडा पडतो आणि चौघांपैकी प्रत्येक जण बाकीच्यांना फसवायच्या तयारीत. त्यातल्या सर्वांत मूर्ख दगाबाजाचं काम करणाऱ्या केविन क्लाइनला ऑस्कर मिळालं. टॅरंटिनोचा पहिला सिनेमा यायला तेव्हा चार वर्षं होती. रिचीला वारसा हवा होता तर तो घरातच, माळ्यावर, धूळ खात पडलेला होता.

कडक ब्रिटिश गुंडपटही होतेच. हॅरी झालेला पी. एच. मोरियार्टी १९८०च्या ‘द लाँग गुड फ्रायडे’मध्ये दादाचा खास हस्तक होता. हॅरीचा हस्तक बॅरी द बॅप्टिस्ट झालेला लेनी मॅक्लीन हा पूर्व लंडनचा खराखुरा विनाग्लोव्हज लढणारा पठ्ठ्या. सिनेमा लागायच्या महिनाभर आधी तो वारला. बिग ख्रिसचं काम करणारा विनी जोन्स मैदानावर पाय तोडणारा म्हणून गाजलेला फुटबॉलपटू. टॅरंटिनो आधी जिथे नोकरी करायचा त्या लॉस एंजेलिसच्या व्हिडिओ लायब्ररीत ही माणसं सापडत नाहीत.

शेवटचा पुरावा माझा लाडका: ‘असे बावळट गुंड नसतातच.’ १९८३ साली हीथ्रोजवळ ब्रिंक्स-मॅट या सुरक्षा कंपनीच्या गोदामात शिरलेले दरोडेखोर सुमारे ३० लाख पौंडांच्या रोकडीसाठी गेले होते. हाती लागलं तीन टन सोनं, किंमत २ कोटी ६० लाख. इतक्या सोन्याचं करायचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आणि २०१५चं हॅटन गार्डन? लंडनच्या हिरेबाजारातली तिजोरी, ईस्टरची सुट्टी, भिंतीला भोक पाडून आत शिरलेली म्हाताऱ्यांची टोळी. म्होरक्या ज्येष्ठ नागरिकांच्या फुकट पासावर बसने आला. पहारा द्यायला बसवलेल्याला डुलकी लागली. पहिल्या रात्री हायड्रॉलिक जॅक बिघडला म्हणून दुसरी अवजारं विकत आणली आणि पावतीवर नाव लिहिलं ‘व्ही. जोन्स’. पुढे पोलिसांनी गाडीत लपवलेल्या माइकवर सगळे बढाया मारताना आणि एकमेकांना शिव्या घालताना पकडले गेले. एकाने आपला वाटा कबरस्तानात पुरला होता. मोठं मन दाखवत त्याने पोलिसांना नेऊन लहान गाठोडं दाखवलं. मोठं त्यांनी आधीच उकरून नेलं होतं! रिचीने हे पटकथेत लिहिलं असतं तर ही पोस्ट त्यालाही ‘अतिरेकी’ म्हणाली असती.

पोस्टवाल्याला रिचीला खरंच धरायचं असतं तर जागा होत्या. सिनेमात बाई जवळजवळ नाहीच. एक आहे ती बराच वेळ नशेत सोफ्यावर पडून असते. आणि टपोरी लंडनचं हे गाणं गाणाऱ्या दिग्दर्शकाचा सावत्र बाप बॅरोनेट, म्हणजे पिढीजात ‘सर’, जुन्या हवेलीचा मालक. ही टीका मी खाली मान घालून ऐकली असती. नकलेची नाही.

कारण शेवट बघा. बंदुका पुरावा आहेत म्हणून टॉमला त्या थेम्समध्ये टाकायला पाठवलंय. इकडे बाकीच्या तिघांना कॅटलॉगमध्ये दिसतं की त्यांची किंमत लाखांत आहे. फोन करतात. टॉम पुलाच्या कठड्यावरून ओणवा, बंदुका खाली अडकलेल्या, वाजणारा फोन दातांत, आणि चित्र थांबतं. १९६९च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये सोन्याने भरलेली बस अशीच कड्यावर अर्धी लटकत राहते आणि सिनेमा संपतो. वंशावळ हवी तर ही घ्या.

आणि नक्कलच बघायची असेल तर लांब कशाला जायचं? २००६चा ‘फिर हेरा फेरी’ लावा. पत्त्यांच्या जागी पैसे दुप्पट करणारी चिट फंड, बाकी जुन्या बंदुका, शेजारची टोळी आणि लुटीवरची लूट तीच. शेवटी राजू पुलावर, हातात बंदुका, तोंडात मोबाईल. हां, एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची, आणि ती लंडनवाल्यांना सात जन्मांत जमली नसती: बाबूराव गणपतराव आपटे.