सुटं गॅरेज, प्रोपेनचा हीटर आणि वीतभर उघडं दार

डिसेंबर उजाडला की अमेरिका-कॅनडातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर हाच: ‘घराला न जोडलेलं, सुटं गॅरेज असेल तर बिनधास्त तापवा, विषारी वायू घरात येतच नाही. प्रोपेनचा हीटर लावा आणि दार वीतभर उघडं ठेवा. कार्बन मोनॉक्साइड जड असतो, खालच्या फटीतून निघून जातो. स्वस्तात हवं असेल तर मातीच्या उलट्या कुंडीखाली चार टी-लाइट मेणबत्त्या पेटवा, नाहीतर घरातून एक्स्टेन्शन ओढून विजेचा हीटर लावा.’ मिनेसोटात किंवा अल्बर्टात उणे वीस अंशांत लोखंडी पान्हा हातात धरलेल्या कुणालाही हे वाचून मोह होईल. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मानण्यासारखं नाही.

पहिलं वाक्यच घ्या. वायू घरात येणार नाही, ठीक आहे. पण हीटर कुणासाठी लावताय? गॅरेजमध्ये बसून काम करणाऱ्यासाठीच ना? कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं की थंडी बाधली. जोडलेल्या गॅरेजमध्ये कुणी कोसळलं तर निदान आवाज तरी घरात जाईल. मागच्या अंगणातल्या सुट्या गॅरेजमध्ये तोही जात नाही. आपल्याकडे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. इथे शेगडीच्या जागी प्रोपेन वायूचा सिलिंडर आहे, एवढाच फरक.

आता ते वीतभर उघडं दार. आयोवा स्टेट विद्यापीठाने एक मोजमाप केलं होतं. गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवून आत गाडी फक्त दोन मिनिटं चालू ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत 500 भागांपर्यंत चढला. गाडी बाहेर काढून दहा तास झाले तरी तो मोजण्याइतका उरलेला होता. ते गाडीचं इंजिन होतं, हीटर नव्हे, आणि नीट जळणारा हीटर एवढा धूर करत नाही, हे मान्य. पण उघड्या दारातून हवा आपोआप खेळती राहते हा समज त्यातून पुरता मोडतो. हवा वाऱ्याच्या मर्जीने फिरते, आपल्या अंदाजाने नाही. आणि दार खरंच पुरेसं उघडलं, तर ऊब बाहेर जाते.

‘घरात चालतो’ असं खोक्यावर लिहिलेल्या प्रोपेनच्या हीटरमध्ये एक सेन्सर असतो, त्यावर लोक फार विसंबतात. तो हवेतला ऑक्सिजन साधारण 18 टक्क्यांवर आला की ज्योत विझवतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र तो मोजतच नाही. शिवाय ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे पाणी. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो वाफ तयार होते. म्हणजे बार्बेक्यूचा नऊ किलोंचा सिलिंडर संपेपर्यंत जवळपास पंधरा लिटर पाणी हवेत जातं आणि गार पडलेल्या हत्यारांवर, छताच्या फळ्यांवर जमतं. हत्यारं जपायला गॅरेज तापवायचं आणि त्यांनाच गंज चढवायचा, असा हा उद्योग.

‘जड असतो’ हे सरळ चूक आहे. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार 28, हवेचा सरासरी 29. म्हणजे तो किंचित हलकाच असतो आणि सगळीकडे मिसळून जातो. जड असतो तो प्रोपेन, रेणुभार 44, आणि पेट्रोलची वाफही. गळती झाली तर या दोन्ही जमिनीलगत साचतात. म्हणूनच अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत गॅरेजमधल्या उपकरणाची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून निदान 18 इंच वर ठेवायला सांगितलंय. पेट्रोलची वाफ उणे चाळीसच्या आसपासही पेट घेऊ शकते, तेव्हा ‘एवढ्या थंडीत काय पेटतंय’ हेही मनातून काढून टाका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, पण त्याचं माहितीपत्रक वाचून. घरगुती अलार्म बहुधा 4 ते 38 अंश सेल्सिअससाठीच बनवलेले असतात. गोठलेल्या गॅरेजमध्ये त्यांचा भरवसा नाही.

कुंडीबद्दल फार लिहायची गरज नाही. एक टी-लाइट साधारण चाळीस वॅट उष्णता देते. चार मिळून दीडशेच्या आसपास, म्हणजे शांत बसलेल्या दीड माणसाएवढी. कुंडी त्यात एका वॅटचीही भर घालत नाही, फक्त स्वतः गरम होते. दोन गाड्यांच्या, इन्सुलेशन नसलेल्या गॅरेजला बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी गरम ठेवायला चार-पाच किलोवॅट सहज लागतात. वर पेट्रोलच्या डब्याशेजारी उघडी ज्योत!

राहिलं एक्स्टेन्शन. 1500 वॅटचा हीटर 120 व्होल्टवर 12.5 अँपिअर खेचतो. 15 अँपिअरच्या सर्किटवर तासन्‌तास चालणारा भार 12 च्या आत ठेवायचा असतो. त्यात बर्फावरून ओढलेली बारीक वायर, अर्धी तशीच गुंडाळलेली. ती आणि प्लग तापतात, आणि आग तिथेच लागू शकते. धड काम करायचं तर परमिट घेऊन जमिनीखालून केबल न्या आणि 240 व्होल्टचा कायमचा हीटर लावा. 5 किलोवॅटला 30 अँपिअरचं वेगळं सर्किट लागतं. खोदाई हीटरपेक्षा महाग पडेल, ती पडू द्या. थंड प्रदेशासाठी बनवलेला मिनी-स्प्लिट हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं स्प्लिट एसीसारखं यंत्र, आणखी कमी वीज खातो. गॅसच हवा असेल, तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर नळीने बाहेर सोडणारा, भिंतीत पक्का बसवलेला हीटर घ्या.

पण मुळात सगळं गॅरेज तापवायची गरज बहुतेकांना नसतेच. आधी दाराच्या कडांना रबरी पट्ट्या आणि छताला इन्सुलेशन. गाडीसाठी ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनच गरम करणारा विजेचा छोटा हीटर, टायमरवर, निघण्याआधी दोन-तीन तास. बॅटरी चार्ज करून ठेवा, कारण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आतबाहेरच गोठू शकते, तर पूर्ण भरलेली उणे पन्नासलाही टिकते. पाण्यात कालवलेला रंग आणि गोंद तळघरात न्या. आणि तासभर सुतारकाम करायचं असेल, तर गॅरेजच्याच चांगल्या सर्किटवर, कामाच्या टेबलाकडे तोंड करून बसवलेला, समोरच्याला थेट ऊब देणारा विजेचा रेडिएंट हीटर पुरतो. भुसा, चिंध्या आणि थिनर त्याच्यापासून तीन फूट लांब.