गुण नाहीत म्हणून शर्यत फुकट जात नाही

नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेचं वेळापत्रक आलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'क्लॅश आणि ऑल-स्टार शर्यतींना गुण नाहीत. चालक जीव ओतत नाहीत, गाड्या मात्र चेपतात. गुणांच्या 36 शर्यती पुरे, या दोन्ही काढा.' क्लॅश ही हंगामाच्या सुरुवातीची प्रदर्शनी शर्यत, ऑल-स्टार ही निवडक चालकांची. मुद्दे एकेक करून घेऊ.

'चालक जीव ओतत नाहीत.' 2003 पासून ऑल-स्टारच्या विजेत्याला 10 लाख डॉलर मिळतात. सांभाळायला गुणच नसल्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानायचं कारण उरत नाही. 2024 मध्ये नॉर्थ विल्क्सबरो ट्रॅकवरच्या ऑल-स्टारमध्ये काइल बुशच्या धक्क्याने सुरुवातीलाच बाद झालेल्या रिकी स्टेनहाउसने शर्यत संपल्यावर त्याला ठोसा लगावला आणि 75 हजार डॉलर दंड भरला. ठोसा निषेधार्हच, पण बेफिकीर माणूस एवढा पेटत नाही.

'गाड्या फुकट चेपतात.' डेटोनाच्या अडीच मैलांच्या ओव्हलपुरतं हे खरं होतं. तिथे गाड्या हवेच्या ओढीत एकमेकींना चिकटून पळतात, एक वळली की दहा जातात. 2020 च्या क्लॅशमध्ये एरिक जोन्स जिंकला तो चेपलेल्या गाडीतून. पण 2022 पासून क्लॅश पाव मैलाच्या ट्रॅकवर भरते. वेग कमी, त्यामुळे धक्क्यात बहुधा मागच्या चाकाची दिशा धरणारा टो लिंक वाकतो. तो बदलून चाकं पुन्हा जुळवावी लागतात, पण सांगाडा वाचतो.

'त्याऐवजी तिथे गुणांचीच शर्यत घ्या.' चार्टर, म्हणजे जागेची हमी, असलेल्या 36 गाड्यांना गुणांच्या प्रत्येक शर्यतीत जागा द्यावीच लागते. पाव मैल म्हणजे 402 मीटर, गाडी सुमारे 4.9 मीटर. दोन गाड्यांत एका गाडीइतकं अंतर ठेवलं तरी एका रांगेत 350 मीटर भरतात, म्हणजे पुढचा चालक सुरुवातीलाच शेवटच्याच्या मागे येतो. म्हणून 2025 मध्ये बोमन ग्रे या पाव मैलाच्या मैदानावरच्या क्लॅशला आधी हीट्स (छोट्या पात्रता शर्यती) घेऊन गाड्या गाळल्या आणि पिट स्टॉपऐवजी (टायर-इंधनासाठीच्या थांब्याऐवजी) मध्यंतर ठेवलं. या मैदानावर नॅसकारच्या सर्वोच्च 'कप' मालिकेच्या गाड्या 1971 नंतर पहिल्यांदा धावल्या. गुणांच्या चौकटीत ते जमलं नसतं.

'यातून शिकायला काही मिळत नाही.' हा मुद्दा सर्वांत लंगडा. पूर्वी रीस्टार्टला (थांबलेली चुरस पुन्हा सुरू होताना) कोणती लेन मिळेल ते क्रमांकावर ठरायचं, त्यामुळे नको ती लेन टाळायला चालक पिटमधून निघताना मुद्दाम रेंगाळायचे. 2020 मध्ये ब्रिस्टल ट्रॅकवरच्या ऑल-स्टारमध्ये ट्रॅकवर खूण रंगवली: तिच्या आधी डावी-उजवी ठरवा; खुणेवरून गेलात किंवा नंतर लेन बदललीत तर रांगेच्या शेवटी जा. चार आठवड्यांच्या आतच, मिशिगनच्या ट्रॅकवर, हा नियम गुणांच्या शर्यतीत आला. नेक्स्ट जेन या नव्या रचनेच्या गाडीची पहिली शर्यतही 2022 ची क्लॅशच. काही बिघडलं असतं तर कोणाचे गुण बुडाले नसते. 1996 नंतर बंद पडलेल्या नॉर्थ विल्क्सबरोला 2023 ते 2025 ऑल-स्टार दिली आणि 2026 साठी गुणांची शर्यत मंजूर झाली.

टीका पटते ती डोव्हरबाबत. 1969 पासून गुणांची शर्यत भरवणाऱ्या या मैलभराच्या काँक्रीट ट्रॅकला 2026 च्या वेळापत्रकात फक्त ऑल-स्टार दिली. तिथे 36 गाड्या आरामात मावतात, पिट रोड आहे, तपासून बघण्यासारखं नवं काही नाही. डोव्हरची गुणांची शर्यत परत द्यावी आणि ऑल-स्टार अशा ट्रॅकवर न्यावी, जिथे कपच्या गाड्या अजून धावलेल्या नाहीत.