ही तुझ्या माहेरची वाट

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. मी वाढलो ते पुनर्वसनाच्या गावठाणात.

मागच्या उन्हाळ्यात धरणाआधीची टोपोशीट, म्हणजे नद्या-वाटा-विहिरी दाखवणारा तपशीलवार नकाशा, हाती लागली. सर्व्हे ऑफ इंडियाची, एका इंचाला एक मैल. मोठी करून छापली, ओसरीवर पसरली, कोपऱ्यांवर अडकित्ता नि तांब्या ठेवला आणि आईला हाक मारली. आईला अक्षर येत नाही. तिनं एवढंच विचारलं, "नदी कंची?" मी निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं नि तिथून ती चालायलाच लागली. "हितं देऊळ. हितनं उतार. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला. पलीकडं गेलं की माहेर."

तिच्या बोटाखाली बारीक तुटक रेष होती. पाऊलवाट. दोन्ही काठांवरून अशा कितीतरी रेषा भीमेकडं उतरतात. आज अलीकडं इंदापूर, पलीकडं करमाळा, मधे अथांग पाणी. जायचं तर होडी नाहीतर लांबचा वळसा. वाटतं, हे दोन मुलूख कायमचे वेगळेच. शीट सांगते, नाही. सोयरीक, बाजार, जत्रा सगळं नदी ओलांडून होतं. डिकसळच्या पुलावरून तर तेव्हा रेल्वे जायची. उजनीनंतर लोहमार्ग हलला आणि पूल गाड्या-बैलगाड्यांचा झाला.

गावाचा इतिहास म्हटलं की आपण पाटलांचा वाडा नि शिलालेख शोधतो. पाणी आटलं की पळसदेवच्या देवळाचे फोटो काढायला गर्दी होते. काढा की. पण गाव कसं जगत होतं ते या तुटक रेषांत आहे, आणि त्या वाचून दाखवणारी माणसं आता सत्तरीपुढची आहेत. म्हणून कळकळीनं सांगतो, तुमच्या भागाची जुनी शीट मिळवा आणि या दिवाळीतच घरातल्या म्हाताऱ्यांपुढं पसरा. १९५०च्या दशकातले अमेरिकी लष्करी नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत. प्रमाण लहान, म्हणजे तपशील कमी आहे, पण सुरुवातीला चालतात.

आणि एकाच घरात थांबू नका. शीटवर विहीर दिसते. तिच्यावर कुणाला पाणी भरू देत नव्हते ते दिसत नाही. मी तीच शीट घेऊन बौद्धवस्तीत गेलो. तिथले एक आजोबा विहिरीकडं बघेचनात. म्हणाले, "आमी वाळूत झिरा उकरायचो." मी पेन्सिलीनं नदीच्या पात्रात खूण केली. त्यांनी माझा हात धरून सरकवला. "जरा वर. वळणाच्या अलीकडं."